म्हणे, कल्याणला बिशप होता

ऑफिसच्या कँटीनमध्ये डबे उघडले की धर्म, जात, राजकारण यातलं काहीतरी निघतंच. त्या दिवशी कुणीतरी सहज विचारलं, "तुमचा धर्म इंग्रजांनी आणला ना रे?" प्रश्न माझ्या वसईच्या मित्राला होता. विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हतं, त्याला खरंच तसं वाटत होतं. मित्र घरी कादोडी बोलतो आणि चिडला की त्याच्या तोंडून तीच बाहेर येते. पण तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "इंग्रज कुठले? त्यांच्या शंभर वर्षं आधी आमच्याकडे पोर्तुगीज होते. आणि पोर्तुगीजांच्याही हजार वर्षं आधी कल्याणला बिशप होता."

टेबलावरचे सगळे गप्प झाले. संध्याकाळी त्याचा मेसेज आला. सोबत एक लांबलचक फॉरवर्ड होतं: येशूचा शिष्य बार्थोलोम्यू पहिल्या शतकात कल्याणला आला, त्याने इथे चर्च स्थापन केलं, ते पुढे अखंड चालू राहिलं, वगैरे. खाली मित्राने लिहिलं होतं, "तुला जुन्या कागदांचा नाद आहे. यात खरं किती, बघ ना. उद्या कुणी पुरावा मागितला तर तोंडघशी पडायला नको."

मी इतिहासकार नाही. दिवसभर कोड लिहितो. पण मी वाशीमचा आहे, आणि जुन्या शिलालेख-ताम्रपटांचा नाद मला त्या गावानेच लावला. त्याच्याकडे पुढे येईनच. आधी कल्याण.

ती एक ओळ

कल्याणच्या बिशपचा सगळा डोलारा प्रामुख्याने एका ग्रीक पुस्तकातल्या एका वाक्यावर उभा आहे. पुस्तकाचं नाव 'ख्रिश्चन टोपोग्राफी'. ते इसवी सन ५५०च्या आसपास इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात लिहिलं गेलं. लेखक आधी व्यापारी होता, पुढे संन्यासी झाला असं मानतात. आज आपण त्याला कॉस्मास इंडिकोप्लेउस्टेस म्हणतो, म्हणजे 'हिंदुस्थानला जलप्रवास करून आलेला कॉस्मास'. हे नाव त्याने स्वतः घेतलेलं नाही. नंतरच्या काळात ते त्याला चिकटलं.

ख्रिस्ती धर्म कुठवर पसरला आहे हे सांगताना तो पूर्वेकडची यादी देतो. श्रीलंकेत ख्रिस्ती मंडळी आहेत. जिथे मिरी पिकते त्या 'माले' प्रदेशात, म्हणजे मलबारात, आहेत. आणि 'काल्लियाना' नावाच्या ठिकाणी तर बिशपही आहे, त्याची नेमणूक इराणहून होते. बस्स. बिशपचं नाव नाही, चर्चचं वर्णन नाही, माणसं किती ते नाही.

एवढ्यावर विश्वास ठेवायचा का? जुन्या साधनाला आपण काही ठरावीक प्रश्न विचारतो. हे कुणी लिहिलं? त्याला हे कसं कळलं? त्याने लिहिलेलं आपल्यापर्यंत कुठल्या वाटेने आलं? आणि दुसरं कुणी हेच सांगतं का?

पृथ्वी सपाट मानणारा साक्षीदार

पहिल्याच प्रश्नाला ठेच लागते. कॉस्मासने हे पुस्तक लिहिलं ते पृथ्वी गोल नाही हे सिद्ध करायला. त्याच्या मते विश्व एखाद्या मोठ्या पेटीसारखं आहे, खाली सपाट जमीन आणि वर कमानदार झाकण. त्याच्या काळातल्या शिकलेल्या लोकांना पृथ्वी गोल असल्याचं ठाऊक होतं आणि हा त्यांच्यावरच तुटून पडतो. शिवाय तो स्वतः कधी हिंदुस्थानात आला होता का, याबद्दलही अभ्यासकांना शंका आहे. तांबड्या समुद्राकाठच्या अदुलिस बंदरात तो होता हे नक्की, कारण तिथला एक जुना लेख त्याने स्वतः उतरवून घेतला. पण श्रीलंकेची एक मोठी हकिगत तो सोपात्रोस नावाच्या व्यापाऱ्याच्या तोंडची म्हणून देतो. म्हणजे निदान काही माहिती तरी ऐकीव आहे.

मग फेकून द्यायचं का? नाही. एखादा माणूस आकाशाबद्दल चुकीचं बोलतो म्हणून बाजारभावाबद्दलही खोटं बोलतो असं होत नाही. व्यापाऱ्याला बंदरं आणि माल ठाऊक असतो. चर्चच्या कारभाराबद्दल तर कॉस्मासचा धागा फार वरपर्यंत पोचलेला होता. ज्याच्याकडून आपण शिकलो असं तो आदराने सांगतो तो मार आबा इराणहून अलेक्झांड्रियात आलेला विद्वान होता. पुढे ५४० साली तोच मार आबा इराणच्या चर्चचा प्रमुख झाला. इराणचं चर्च कुठे कुठे बिशप नेमतं, हे कॉस्मासला कळायला याहून चांगला मार्ग कोणता? पृथ्वीच्या आकाराबद्दल त्याचं ऐकू नये, पण इराणहून होणाऱ्या नेमणुकांबद्दल तो ऐकण्यासारखा साक्षीदार आहे.

नकलांची नक्कल

आता तिसरा प्रश्न. कॉस्मासच्या हातची प्रत आज नाही. सर्वांत जुनं हस्तलिखित नवव्या शतकातलं आहे, ते व्हॅटिकनमध्ये आहे. अकराव्या शतकातली आणखी दोन आहेत, एक सिनाईच्या मठात आणि एक फ्लॉरेन्सला. मूळ लेखन आणि पहिली हाती आलेली प्रत यांत तीनशे वर्षांचं अंतर.

हे ऐकून दचकायचं कारण नाही. खुद्द बायबलच्या नव्या कराराची एकही मूळ प्रत उरलेली नाही. सर्वांत जुना म्हणून ज्याचं नाव घेतात तो योहानाच्या शुभवर्तमानाचा तुकडा मँचेस्टरला आहे. तो साधारण एटीएम कार्डाएवढा असून दुसऱ्या शतकातला मानतात. संपूर्ण नवा करार असलेली सर्वांत जुनी प्रत, 'कोडेक्स सिनाईटिकस', चौथ्या शतकातली आहे. मधल्या काळात नकलांवर नकला झाल्या. नक्कल करताना डोळा एक ओळ गाळतो, हात एक शब्द वाढवतो, आणि कधी एखादा भाविक लेखनिक 'चूक दुरुस्त' करतो.

आपल्याला हे नवीन नाही. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या वेगवेगळ्या प्रती पाहून पाठशुद्धी केली ती याच कारणासाठी. पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ ते १९६६ अशी जवळपास पन्नास वर्षं महाभारताच्या १२५९ हस्तलिखितांवर काम झालं तेही यासाठीच. पद्धत थोडक्यात अशी: प्रती समोरासमोर ठेवायच्या, कुठली कुणावरून उतरली ते त्यांच्या समान चुकांवरून ओळखायचं, आणि दोन पाठांत निवड करायची वेळ आली की सोप्यापेक्षा अवघड पाठाकडे झुकायचं. कारण नक्कल करणारा अवघडाचं सोपं करतो, सोप्याचं अवघड सहसा करत नाही. दोन शाखांमधला कोड मर्ज करताना आम्ही जे करतो त्याचा हा फार जुना आणि फार धीराचा भाऊ आहे.

कुठलं कल्याण?

'काल्लियाना' म्हणजे आपलं ठाणे जिल्ह्यातलं कल्याणच कशावरून? कर्नाटकात उडुपीजवळ कल्याणपूर आहे आणि काही अभ्यासकांनी त्याचंही नाव घेतलं आहे.

इथे कॉस्मासमधला व्यापारी मदतीला येतो. पुस्तकाच्या शेवटाकडे तो किनाऱ्यावरच्या बंदरांची नावं देतो: सिंधू, ओरोथा, काल्लियाना, सिबोर, आणि मग मालेची पाच बंदरं. ओरोथा म्हणजे सौराष्ट्र आणि सिबोर म्हणजे चौल, असं बहुतेकांचं मत आहे. यादी उत्तरेकडून दक्षिणेकडे उतरते. सौराष्ट्र आणि चौल यांच्यामध्ये कल्याण अगदी जागेवर बसतं, उडुपी बसत नाही. काल्लियानाचा माल म्हणून तो तांबं, लाकूड आणि कापड सांगतो.

कल्याणची जुनी कीर्तीही याला जुळते. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक बंदरवहीत हे नाव येतं. तिथला व्यापार राजकारणामुळे अडला होता आणि आलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जात, असं तो लेखक सांगतो. कान्हेरीच्या लेण्यांत दान देणारे 'कल्याणचे' म्हणून स्वतःची ओळख कोरून गेले आहेत. सहाव्या शतकात परदेशी व्यापारी राहतील असं हे गाव होतं, यात शंका घ्यायला फारशी जागा नाही.

बिशप इराणचाच का?

आता चौथा प्रश्न: दुसरं कुणी सांगतं का? थेट कुणी नाही. पण आजूबाजूने बरेच जण सांगतात.

कॉस्मासच्याच काळातला प्रोकोपियस हा इतिहासकार रोमन सम्राट जस्टिनियनची एक अडचण नोंदवतो. रेशीम इराण्यांकडून घ्यावं लागू नये म्हणून सम्राटाने इथिओपियाच्या लोकांना ते हिंदुस्थानातून थेट विकत घ्यायला सांगितलं. पण ते जमेना, कारण हिंदी बंदरांत जहाज लागलं की इराणी व्यापारी आधीच तिथे हजर असत आणि सगळा माल उचलत. थोडक्यात, अरबी समुद्राच्या या बाजूला इराण्यांचा जम बसलेला होता. त्या व्यापाऱ्यांत ख्रिस्तीही होते. त्यांचं चर्च रोमच्या हाताखालचं नव्हतं, त्यांचा प्रमुख टायग्रिस नदीकाठी बसे आणि प्रार्थनेची भाषा सिरियाक होती. जिथे वखार तिथे वस्ती, आणि वस्ती आली की बाप्तिस्म्याला, लग्नाला, दफनाला धर्मगुरू लागणारच.

शंभरेक वर्षांनी, सातव्या शतकाच्या मध्यावर, याच चर्चचा प्रमुख इशोयाब तिसरा एका बंडखोर आर्चबिशपला कडक पत्र लिहितो. तुझ्या हट्टामुळे हिंदुस्थानातल्या लोकांना बिशप मिळेनासे झालेत, अशी त्याची तक्रार आहे. तक्रारीच्या पत्रातला असा ओझरता उल्लेख मला फार मोलाचा वाटतो. 'आमचे हिंदुस्थानात बिशप असतात' हे तिथे कुणी सिद्ध करायला बसलेलं नाही, ते गृहीतच आहे.

खाली केरळात तर दगड आणि तांबं दोन्ही बोलतात. इ. स. ८४९ च्या कोल्लमच्या ताम्रपटात एका चर्चला जमीन आणि हक्क दिल्याची नोंद आहे, आणि साक्षीदारांच्या सह्या अरबी, पहलवी आणि हिब्रू अशा तीन लिप्यांत आहेत. गोव्यात आगशीलाही २००१ साली पहलवी अक्षरांचा क्रूस सापडला. कल्याणात मात्र त्या काळातल्या चर्चचा एकही पक्का अवशेष पुढे आलेला नाही. म्हणून कल्याणच्या बिशपबद्दल मी म्हणेन: बहुधा होता. खात्रीच्या अलीकडे, पण अफवेच्या बरंच पलीकडे.

'म्हणे' कुठे गळलं?

आता फॉरवर्डमधला बार्थोलोम्यू. याचा उगम चौथ्या शतकात आहे. एउसेबियस हा चर्चचा पहिला मोठा इतिहासकार. तो लिहितो की अलेक्झांड्रियाचा पंतेनुस नावाचा विद्वान हिंदुस्थानला गेला आणि तिथे त्याला हिब्रू अक्षरांतलं मत्तयाचं शुभवर्तमान सापडलं, ते बार्थोलोम्यूने ठेवलेलं होतं. पंतेनुसचा काळ १८०च्या आसपासचा. म्हणजे लिहिणारा घटनेनंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी लिहितो आहे, आणि ज्या बार्थोलोम्यूबद्दल लिहितो तो त्याच्याही शंभरावर वर्षं आधीचा.

पण एउसेबियस प्रामाणिक आहे. त्याच्या ग्रीक वाक्यात 'असं सांगतात' अशा अर्थाचं क्रियापद आहे. आपल्या भाषेत त्याला एक नेमका शब्द आहे: म्हणे. पंतेनुस म्हणे हिंदुस्थानला गेला. तिथे म्हणे त्याला पोथी सापडली. पुढे सत्तर-ऐंशी वर्षांनी जेरोम हीच हकिगत सांगतो तेव्हा 'म्हणे' गळलेलं असतं आणि नवे तपशील आलेले असतात: त्याला कुणी पाठवलं, आणि ती पोथी तो परत घेऊनही आला. आपल्या फॉरवर्डपर्यंत येईतो त्यात कल्याणही आलं. एउसेबियसच्या मजकुरात कल्याण नाही. 'हिंदुस्थान' हा शब्दही त्या काळी दक्षिण अरबस्तानापासून इथिओपियापर्यंत कशालाही लागत असे. विसाव्या शतकात फादर पेरुमलिल यांच्यासारख्या अभ्यासकांनी बार्थोलोम्यूचं कार्यक्षेत्र कल्याण असावं, अशी मांडणी केली. ते अनुमान आहे आणि अनुमान म्हणून मांडायला हरकत नाही. फॉरवर्ड त्यातला 'असावं' काढून 'होतं' करतं.

थॉमसची गोष्ट याहून मजेदार आहे. 'थॉमसची कृत्ये' हे तिसऱ्या शतकातलं सिरियाक पुस्तक. त्यात थॉमस सुतार म्हणून हिंदुस्थानच्या गुंदफर राजाकडे येतो. राजा त्याला राजवाडा बांधायला पैसे देतो, हा ते गरिबांत वाटून टाकतो आणि सांगतो, राजवाडा स्वर्गात बांधलाय. असा कुणी राजा होता हेच कित्येक शतकं कुणाला ठाऊक नव्हतं. मग एकोणिसाव्या शतकात अफगाणिस्तान-पंजाबकडे गोंडोफारेस नावाच्या राजाची नाणी निघू लागली. पाठोपाठ तख्त-ए-बाही इथल्या शिलालेखात त्याचं नाव मिळालं आणि काळही जुळला: पहिलं शतक.

मग थॉमस आल्याचं सिद्ध झालं? नाही. सिद्ध एवढंच झालं की गोष्ट रचणाऱ्याला एका खऱ्या राजाचं नाव माहीत होतं. गोष्टीत खरं नाव असणं आणि गोष्ट खरी असणं, या दोन वेगळ्या गोष्टी.

आमच्या गावचं 'म्हणे'

हे मला वाशीममुळे लवकर कळलं. आमच्या गावाचं जुनं नाव वत्सगुल्म. आजी सांगायची, वत्स ऋषींनी इथे तप केलं, देवांचा मेळा जमला, म्हणून वत्सगुल्म. तिची गोष्ट 'वत्सगुल्म माहात्म्य' या स्थळपुराणातली. कामसूत्रावरची 'जयमंगला' टीका मात्र वेगळंच सांगते, वत्स आणि गुल्म नावाचे दोन राजपुत्र भाऊ होते. एकाच नावाच्या दोन कथा, आणि दोन्ही 'म्हणे'.

मग १९३९ साली वाशीममध्ये एक ताम्रपट सापडला. वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याने आपल्या राज्याच्या सदतिसाव्या वर्षी वत्सगुल्महून दिलेलं हे दानपत्र, चौथ्या शतकातलं. त्याची वंशावळ संस्कृतात आहे आणि व्यवहाराचा भाग प्राकृतात. ऋषी नाही, देवांचा मेळा नाही. काही ब्राह्मणांना एक गाव दिलं, त्याच्या अटी काय, एवढंच. पण या कोरड्या दानपत्राने वाकाटकांची वत्सगुल्म शाखा स्वतंत्र होती हे पक्कं झालं, आणि त्याच्या आधारे वा. वि. मिराशींनी अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातल्या लेखातली नावं नव्याने लावली. आधीच्या विद्वानांनी चुकीची वाचलेली एक जागा 'सर्वसेन' अशी सुटली.

गंमत म्हणजे ज्या शतकात वत्सगुल्ममध्ये हा तांब्याचा पत्रा कोरला जात होता, त्याच शतकात एउसेबियस आपला इतिहास लिहीत होता आणि कोडेक्स सिनाईटिकसच्या चामड्यावर ग्रीक अक्षरं उमटत होती. कॉस्मासने काल्लियानाची ओळ लिहिली तेव्हा वाकाटकांचा शेवटचा मोठा राजा हरिषेण जाऊन जेमतेम अर्धं-पाऊण शतक झालं होतं. शाळेत आपण हे वेगवेगळ्या धड्यांत शिकतो, पण हा एकाच काळातल्या माणसांचा इतिहास आहे.

ताम्रपट सापडला म्हणून आजीची गोष्ट खोटी ठरून टाकाऊ झाली का? ती वत्स ऋषींबद्दल फारसं सांगत नसेल, पण गावाला स्वतःबद्दल काय वाटत आलं हे सांगते. फक्त ताम्रपटाच्या जागी ती ठेवायची नाही. थॉमस आणि बार्थोलोम्यूचंही तेच.

मधली रिकामी जागा

मित्राचा शेवटचा दावा होता 'अखंड'. इथे साधनं फार कठोर आहेत. १३२१ साली जॉर्दानुस हा फ्रेंच धर्मगुरू आणि चार फ्रान्सिस्कन संन्यासी वादळामुळे ठाण्याला लागले. तिथे पौर्वात्य चर्चच्या, म्हणजे त्याच इराणी परंपरेच्या, ख्रिस्ती माणसांनी त्यांना घरात आसरा दिला. त्या घरातल्या नवरा-बायकोचं भांडण काझीपुढे गेलं, पाहुण्यांना साक्षीला बोलावलं, तिथे धर्मावरून वाद पेटला आणि चौघे मारले गेले. जॉर्दानुस तेव्हा बाहेरगावी होता म्हणून वाचला. त्याने त्यांना सोपाऱ्याला पुरलं आणि पत्रं लिहून ठेवली.

हाच जॉर्दानुस पुढे लिहितो की या देशात इकडे एक, तिकडे एक असे विखुरलेले लोक स्वतःला ख्रिस्ती म्हणवतात, पण त्यांना बाप्तिस्मा ठाऊक नाही, धर्माचं काही ठाऊक नाही, आणि ते थॉमसलाच ख्रिस्त समजतात. तो हे तुच्छतेने लिहितो. मला मात्र ते वाचून गलबलून आलं. बिशप येणं थांबलं, पुस्तकं संपली, भाषा विसरली, आणि तरी नाव तेवढं कुणीतरी धरून ठेवलं होतं.

त्यांचं पुढे काय झालं? १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि मोठ्या प्रमाणावर धर्मांतरं झाली. आजच्या वसईकर ख्रिस्ती समाजाचा लेखी इतिहास तिथून सुरू होतो. तेराशे एकवीसची ती घरं आणि पंधराशे चौतीस यांना जोडणारा कागद नाही.

मी मित्राला हे सगळं फोनवर सांगितलं. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे तो बिशप आमचा नव्हे."

"तो तुझा पूर्वज होता असं म्हणता येत नाही," मी म्हणालो, "पण कल्याणचा होता हे बहुधा म्हणता येतं. 'हा धर्म इंग्रजांनी आणला' हे चूक आहे, एवढं तर तू ठासून सांगू शकतोस."

"आणि 'आम्ही इथलेच' हे?"

यावर मी आधी विचार करून ठेवला होता, तरी उत्तर द्यायला वेळ लागला. १६१६ साली, दासबोधाच्याही आधी, फादर थॉमस स्टीफन्सचं 'ख्रिस्तपुराण' मराठी ओव्यांत छापलं गेलं. त्याच्या त्या काळच्या छापील प्रती एकही उरल्या नाहीत, आपल्यापर्यंत आलं ते लोकांनी हाताने उतरवून जपलेलं. पण मी त्याला हेही पुरावा म्हणून दिलं नाही. कारण इथलं असायला पुरावा लागतो हे एकदा मान्य केलं, की उद्या कॉस्मासचं कल्याण उडुपीजवळ निघालं तर त्याने काय वसई सोडून जायचं? माझं वाशीमपण १९३९ साली ताम्रपट सापडल्यावर सुरू झालं नाही. त्याचं वसईपणही सहाव्या शतकातल्या एका ग्रीक वाक्यावर टांगलेलं नाही.

"इथलेच म्हणायला बिशप लागत नाही," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी त्याने ते फॉरवर्ड त्यांच्या फॅमिली ग्रुपवर परत टाकलं. पहिल्या वाक्यात एक शब्द वाढवला होता: 'म्हणे'. आणि खाली स्वतःची एक ओळ: "कल्याणचा बिशप बहुधा खरा. बाकीचं विचारून सांगतो."